साचे उचलायला गेले होते

ते गाव मला आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यामुळे नव्हे. पहिल्या दहा मिनिटांतच आवडलं नव्हतं. ओहायो राज्याच्या दक्षिण भागात, नदीच्या वळणावर वसलेलं एका रस्त्याचं गाव. रस्त्याच्या एका टोकाला कारखाना, दुसऱ्या टोकाला शाळा, आणि मधल्या निम्म्या दुकानांच्या काचांना आतून तपकिरी कागद लावलेले. चर्चबाहेरच्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपल्या कारखान्यासाठी प्रार्थना करा.’ तोच कारखाना रिकामा करायला मी चालले होते.

मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहते. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. कंपनी बाहेरून जे भाग विकत घेते ते नीट आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. या गावातला कारखाना आम्हाला ऑइल पंपाची ॲल्युमिनियमची कव्हरं ओतून द्यायचा. वितळलेला धातू पोलादी साच्यात जोरानं दाबायचा, गार झाला की साचा उघडून भाग बाहेर काढायचा. त्या साच्याला आम्ही डाय म्हणतो. एकेक डाय दोन मोटारींच्या वजनाची. डाय आमच्या कंपनीच्या मालकीच्या, कारखाना त्या फक्त वापरायचा. त्या वर्षी कंपनीनं ठरवलं की हे काम आता पुण्याजवळ चाकणच्या एका कारखान्याला द्यायचं. अकरा डाय तपासायच्या, प्रत्येकीवर पिवळं लेबल लावायचं आणि गुरुवारी ट्रक आला की चढवून द्यायच्या. सोमवार ते गुरुवार, चार दिवसांचं काम.

ते माझ्याकडे का आलं हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही. तिथून येणाऱ्या कव्हरांत हवेचे बुडबुडे राहतात, त्यातून तेल झिरपतं, आणि याला कारण कामगारांचा निष्काळजीपणा, असा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. कंपनीनं निर्णय घेतला तेव्हा तोच रिपोर्ट समोर ठेवला होता.

माझ्याबरोबर आमच्या टूलरूममधले एक वयस्कर सहकारी होते. साठी ओलांडलेले, रशियन, तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले. माझी मुलगी इथेच जन्मलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. पण लहानपणी कंपनीच्या पिकनिकला भेटल्यापासून ती त्यांना न चुकता ‘रशियन काका’ म्हणते. मग मीही त्यांना काकाच म्हणायला लागले. त्यांना त्याचा अर्थ मी सांगितला तेव्हा ते म्हणाले होते, “बरं. पण पुतणीला जेवायला घालायची ऐपत नाही माझी.”

गाडी ते चालवत होते. गावात शिरलो, कारखान्याचं धुराडं दिसलं, तसा त्यांनी वेग कमी केला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. माझं गाव असंच होतं. उरलमध्ये. एक धुराडं, एक शाळा. फक्त आमच्याकडे चर्चच्या जागी कामगारांचा क्लब होता.”

“आवडायचं तुम्हाला?”

“पळून आलो ना तिथून,” ते म्हणाले.

मोटेल कारखान्याच्या पलीकडे होतं. काउंटरवरच्या बाईनं आमचं बुकिंग बघितलं, कंपनीचं नाव वाचलं आणि चावी माझ्या हातात न देता काउंटरवर सरकवली. मागच्या बाजूच्या, कचऱ्याच्या डब्यांसमोरच्या खोल्या दिल्या. पुढच्या अंगणात आमच्या गाडीशिवाय एकही गाडी नव्हती, म्हणजे खोल्यांची टंचाई नक्कीच नव्हती. मीही तिला काही बोलले नाही. आपल्याला कोण आवडत नाही हे लोकांनी सरळ दाखवलं की मला उलट बरं वाटतं. गोड बोलायचे कष्ट वाचतात.

कारखान्याच्या मॅनेजरनं आम्हाला सुरक्षेचे चष्मे दिले, डायच्या गोदामाचं दार उघडून दिलं आणि स्वतःच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. त्याचीही नोकरी जाणार होती. गोदामात कामगार उभे होते. सात-आठ जण असतील. कुणी हात पुढे केला नाही. त्यांच्या मधोमध एक बाई उभी होती. पन्नाशीची, सडपातळ, पिकलेल्या केसांची घट्ट वेणी, कोपरांवर फाटलेलं जाड जाकीट. ती तिथली डाय-सेटर होती. मशीनवर डाय चढवणं, उतरवणं, तिची डागडुजी हे सगळं तिच्याकडे. दोन वर्षांपूर्वी मी आले होते तेव्हाही ती होती. तेव्हा मी तिच्याशी पाच मिनिटंही बोलले नव्हते.

“तू ती रिपोर्टवाली ना?” तिनं विचारलं.

इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण ती मला ‘तू’ म्हणत होती एवढं कळण्याइतकं इंग्रजी मला येतं.

“हो,” मी म्हटलं. “आपण कामाला लागू या का?”

“डाय इंडियाला चालल्यात म्हणे. तुझ्या गावी?”

“माझं गाव नागपूर. डाय चालल्यात पुण्याकडे. सातशे किलोमीटर लांब.”

“अच्छा,” ती म्हणाली. “मग बरं.” मागे कुणीतरी हसलं.

रॅकवर दहा डाय होत्या. मी तीनदा मोजल्या. काकांनी नंबर वाचले. सात नंबरची डाय नव्हती.

“सात नंबर कुठंय?” मी विचारलं.

“माहीत नाही,” डाय-सेटर बाई म्हणाली.

“दोन मोटारींच्या वजनाची वस्तू कुठे गेली ते माहीत नाही?”

“कामगार निष्काळजी आहेत ना इथले,” ती म्हणाली. “तूच लिहिलं होतंस.”

त्या संध्याकाळी खोलीत मी किटलीत पाणी उकळून पाकिटातला उपमा भिजवला. फोडणीचा वास खोलीभर सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर कागद चिकटवलेला: ‘खोलीत स्वयंपाक करू नये. इतर पाहुण्यांना वासाचा त्रास होतो.’ इतर पाहुणा म्हणजे फक्त काका होते. मी कागद काढून त्यांना दाखवला. ते म्हणाले, “मला त्रास झालाच. मला का नाही दिलास?”

मंगळवारची सुरुवात गाडीच्या बसलेल्या टायरनं झाली. त्यात एक लांब स्क्रू होता. कुणी घुसवला की रस्त्यात लागला, सांगता येत नाही. अशा गावात रस्त्यावर स्क्रू पडलेले असतातच. पण स्टेपनी चढवायला काकांना ओल्या थंडीत अर्धा तास लागला, आणि तेवढ्या वेळात तीन पिकअप ट्रक आमच्याजवळून हळूहळू गेले. एकही थांबला नाही.

गोदामात आदल्या दिवशी चालू असलेला हीटर आज बंद होता. ‘बिघडलाय,’ म्हणाले. शेजारच्या खोलीतला चालू होता. मी हातमोजे घालून लेबलं लावत होते, आणि लेबलाचा कागद मोज्यांना चिकटत होता. काका उकिडवे बसून प्रत्येक डाय टॉर्चनं बघत होते. फोर्कलिफ्टवाला आम्हाला हवी ती डाय खाली काढून द्यायच्या वेळी नेमका जेवायला जायचा. दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. मी मशीनमधून कॉफी घेतली आणि उभ्यानंच प्यायले. बसायला जागा होती, पण प्रत्येक टेबलावर कुणी ना कुणी रिकाम्या खुर्चीवर जाकीट ठेवलं होतं.

रस्त्यावरच्या खानावळीत थोडं वेगळं झालं. वाढणारी मुलगी काकांकडे बघूनच बोलत होती. मी चीज सँडविच मागितलं, तर तिनं काकांना विचारलं, “हिला सोबत काय हवंय?” काकांनी तोंड उघडलं, आणि तीस वर्षांनीही न गेलेले ते जड रशियन उच्चार ऐकल्याबरोबर तिचा चेहरा पडला. मग तिनं आम्हा दोघांकडेही बघणं बंद केलं. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा त्याच्या बायकोला मोठ्यानं म्हणाला, “बघ, आता दोन्हीकडून आलेत.”

“दोन्हीकडून म्हणजे?” मी काकांना हळूच विचारलं.

“जगाच्या दोन्ही टोकांकडून,” ते म्हणाले आणि त्यांनी सूप संपवलं.

मला राग आला होता, आणि राग एकट्या म्हाताऱ्यावर नव्हता. सगळ्या गावावर होता. त्या बंद दुकानांवर, शाळेच्या कुंपणावर लटकवलेल्या फुटबॉलच्या बॅनरवर, त्या चर्चच्या पाटीवर. मनात म्हणत होते, पोटाला देणारं गाव सोडायला लावून माझ्या बापानं मला इतक्या लांब पाठवलं, आणि मी गेले. तुम्हाला चाळीस मैलांवरच्या शहरात जाऊन काही शिकायला काय झालं होतं? आज हे लिहिताना ते वाक्य मला शोभत नाही. पण तेव्हा ते मनात अगदी स्पष्ट होतं आणि त्यानं माझं समाधानही होत होतं.

दुपारभर आम्ही सात नंबर शोधत होतो. मशीनच्या मागे, भट्टीच्या मागे, भंगाराच्या ढिगामागे. काका माझ्या मागून येत होते, घाई न करता. चालता चालता ते सांगायला लागले. त्यांच्या गावात बेअरिंगचा कारखाना होता. सोव्हिएत देश तुटला त्यानंतरच्या वर्षांत कुणीतरी तो विकत घेतला आणि मशीनं विकायला काढली. त्यांची आई तिथे बावीस वर्षं ग्राइंडिंग करत होती.

“तिनं काय केलं?”

“तिच्या मशीनच्या चार मुख्य वस्तू रात्रपाळीच्या बायकांनी वाटून घेतल्या. एकेक घरी नेली. आमच्याकडे एक गिअर होता, बटाट्यांच्या पोत्याखाली.”

“मग?”

“मशीन तसंच गेलं. त्या वस्तूंशिवाय. विकणाऱ्याला काय, त्यानं वजनावर विकलं.”

मी मॅनेजरच्या केबिनचं दार वाजवून सांगितलं की उद्या दुपारपर्यंत सात नंबर मिळाली नाही तर आमची कंपनी पोलिसांत तक्रार करेल. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मी सांगितलं. तो मान हलवत राहिला.

बुधवारी सकाळी मी काकांबरोबर गोदामात पोहोचले तेव्हा डाय-सेटर बाई आधीच तिथे होती. एकटी. तिच्या पायाशी प्लास्टिकची एक बादली.

“पोलीस बोलावणार म्हणे तू,” ती म्हणाली.

“डाय आमची आहे.”

“माहितेय कुणाची आहे ते. मी चौदा वर्षं सांभाळली ती. तुला ती हवीय ना? मग आधी हे बघ.”

तिनं बादली उलटी केली. जमिनीवर पंचवीस-तीस कव्हरं पडली. प्रत्येकावर खडूनं महिना लिहिलेला. आम्ही नाकारून परत पाठवलेला माल.

“कुठलीही पाच उचल,” ती म्हणाली. “तू उचल. नंतर म्हणशील मी निवडून दिली.”

मी पाच उचलली. वेगवेगळ्या महिन्यांची. ती मला करवतीच्या मशीनपाशी घेऊन गेली. एकेक कव्हर तिनं पकडीत बसवलं आणि मधोमध कापलं. करवतीचा आवाज इतका होता की बोलता येत नव्हतं. कापून झालं की ती अर्धा तुकडा माझ्या हातात ठेवायची. पाचवा तुकडा हातात आला तोवर मला काय दिसणार आहे ते कळलं होतं. पाचही तुकड्यांत बुडबुडा एकाच जागी होता. शेवटच्या बोल्टच्या भोकामागे, त्याच कोपऱ्यात. नखाएवढी काळपट पोकळी.

ज्याला हे काम माहीत नाही त्यालाही कळेल असं सांगते. कामगार चुकत असता तर बुडबुडा आज इथे, उद्या तिथे आला असता. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या पाळ्यांत, वेगवेगळ्या माणसांच्या हातून तो एकाच जागी येत असेल, तर चूक साच्याची. धातू साच्यात शिरण्याची वाट, तिला गेट म्हणतात, ती चुकीच्या बाजूला होती. धातू त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायचा तेव्हा हवा आत कोंडलेली असायची. आणि साच्याचं डिझाइन या कारखान्याचं नव्हतं. आमचं होतं. नोव्हायमध्ये झालेलं.

“तुला मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तू उभी होतीस, ती तिथे, खांबाजवळ. मी म्हटलं, गेट या बाजूला घ्या. तू तुझ्या कागदात बघत होतीस. म्हणालीस, ‘नोट करते.’”

मला ते आठवत नव्हतं. पण ‘नोट करते’ हे मी म्हणते. सगळ्यांना म्हणते.

“तुम्ही बरोबर आहात,” मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातला तुकडा घेऊन बाकीच्यांशेजारी ठेवला. म्हणाली, “मग लिही. रिपोर्टमध्ये. तुझ्या नावानं. कारखाना वाचणार नाहीये, मला कळतं ते, मी मूर्ख नाही. पण इथल्या माणसांना काम येत नव्हतं म्हणून बंद झाला, असं नको राहायला. लिहिशील?”

“लिहीन.”

“कधी?”

“आज.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग चालायला लागली. आम्ही दोघं तिच्या मागे गेलो. इमारतीच्या मागच्या बाजूला एक जुनी भट्टीची खोली होती, वर्षानुवर्षं बंद. आत ताडपत्रीखाली, सिमेंटच्या पोत्यांनी झाकलेली, सात नंबर होती. स्वच्छ पुसलेली, तेल लावलेली. ताडपत्री काढताना काकांच्या चेहऱ्यावर काहीच आश्चर्य नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं?” ती गेल्यावर मी विचारलं.

“काल दुपारी. दाराबाहेर धुळीत फोर्कलिफ्टच्या चाकांचे माग होते.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“ट्रक गुरुवारी येणार,” ते म्हणाले. “दोन दिवस इथे राहिली तर काय बिघडलं?”

दुपारी मी गाडीत बसून ईमेल लिहिला. पाच तुकड्यांचे फोटो, बुडबुड्याची जागा, गेटची बाजू, आणि शेवटी ‘माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता’ हे वाक्य. माझ्या मॅनेजरला पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही, फोन आला. तो पुण्याचा, वीस वर्षांपासून अमेरिकेत, आता नागरिक. ऑफिसात इतर असले की इंग्रजी, एकटे असलो की मराठी.

“अगं, हे काय पाठवलंस तू?”

“जे दिसलं ते. गेट चुकीचं आहे. आपलं डिझाइन चुकलंय.”

“असेल यार. पण आता? ट्रक बुक झालाय, शिपिंग बुक झालंय, चाकणवाले मशीन रिकामी ठेवून बसलेत. आता काय कॅन्सल करायचं का सगळं?”

“कॅन्सल करा असं मी म्हणतच नाहीये. रिपोर्ट दुरुस्त करा म्हणतेय.”

“आणि उद्या त्या कारखान्याच्या वकिलाच्या हातात तो पडला तर? तुझंच वाक्य आहे, ‘माझा निष्कर्ष चुकीचा होता’. पहिला प्रश्न तुलाच विचारतील. मग कंपनी तुला ठेवेल?”

मी काचेवरची वाफ पुसली.

“तुझं ग्रीन कार्ड अजून अडकलंय ना?” त्यानं विचारलं. आवाज अगदी प्रेमळ होता. “मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. ईमेल मी वाचलाच नाही असं समजतो. तू फक्त डाय पाठव. गेटचं नंतर बघू. फोनवर बोलत जा, लिहीत नको जाऊस.”

इथे मला स्वतःची बाजू मांडायची नाही, फक्त परिस्थिती सांगते. घरातल्या तिघांपैकी एकटी मुलगी अमेरिकन. आम्हा नवरा-बायकोचं इथलं राहणं माझ्या नोकरीवर. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर निघायचं. मुलगी तेव्हा दहावीत होती. त्या गाडीत बसून मी हे सगळं मनात फिरवत होते, आणि समोर कारखान्याच्या दाराशी तीन कामगार सिगरेट ओढत माझ्याकडेच बघत उभे होते. मला त्यांच्याकडे पाठ करायला गाडीत जागाही नव्हती.

“ठीक आहे,” मी फोनवर म्हटलं.

गुरुवारी ट्रक वेळेवर आला. डाय चढवायचं काम फोर्कलिफ्टवाल्याचं, पण त्या दिवशी डाय-सेटर बाई स्वतः फोर्कलिफ्टवर बसली. अकराच्या अकरा तिनं एकटीनं चढवल्या. एकीलाही धक्का लागू दिला नाही. बाकीचे कामगार मशीनं बंद करून बाहेर येऊन उभे राहिले होते. मी यादीवर खुणा करत होते. शेवटची डाय चढल्यावर ती उतरली, माझ्यापाशी आली.

“लिहिलंस?”

“हो,” मी म्हटलं. “लिहिलं.”

ते खोटं नव्हतं असं मी पुढे बरेच महिने स्वतःला सांगत होते. लिहिलं तर होतंच. पण तिनं काय विचारलं होतं ते मला माहीत होतं आणि मी काय उत्तर देतेय तेही.

तिनं हातमोजे काढले, जाकिटाच्या खिशात कोंबले आणि आत निघून गेली. आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा त्या घोळक्यातला एक जण माझ्या पावलांपाशी थुंकला. थुंकी बुटावर पडली नाही, एवढंच. काकांनी माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं; एरवी कधी उघडत नाहीत.

टोलेडो जवळ आलं. काका म्हणाले, “तिनं विश्वास नाही ठेवला.”

“कशावरून?”

“बावीस वर्षं मी माझ्या आईला असल्या बाबूंशी बोलताना बघितलंय. ती पण असंच काही न बोलता आत जायची.”

बाबू मीच होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मार्चमध्ये तो कारखाना बंद झाला. ऑफिसात कुणी त्याबद्दल बोललं नाही. मी गावाच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर वाचलं. चाकणला उत्पादन सुरू झालं, आणि तिसऱ्याच आठवड्यात तिथून कव्हरांचे एक्स-रे आले. त्याच बोल्टमागे, त्याच कोपऱ्यात बुडबुडा. आता मात्र सगळ्यांना घाई झाली. बैठक बोलावली. माझ्या मॅनेजरनं टेबलाभोवतीच्या लोकांसमोर मला विचारलं, “तुझ्याकडे काही आयडिया आहे ना याबद्दल?” मी गेटची बाजू सांगितली. बदल झाला. बुडबुडे थांबले. बदलाच्या कागदावर ‘सुचवणारी व्यक्ती’ असा रकाना असतो. त्यात माझं नाव टाईप होऊनच माझ्यापुढे आलं होतं. मी सही केली. त्या तिमाहीत मला कौतुकाचं पत्र मिळालं, आणि मुलीनं ते फ्रिजवर लावलं. मी ते काढलं, तिनं पुन्हा लावलं.

“व्हाय आर यू बीइंग सो वीअर्ड अबाउट इट?” ती म्हणाली. मी फ्रिजचं दार उघडून दूध बाहेर काढलं.

जुलैत एका शनिवारी मी एकटीच निघाले. नवऱ्याला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, “कशाला जातेस? तिला काय फायदा?” मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, “मग तुला काय फायदा?” मी गाडीची चावी घेतली. साडेचार तास ड्राइव्ह करून गावात पोहोचले.

कारखान्याच्या फाटकाला साखळी होती. मोटेलच्या काउंटरवर तीच बाई होती. मी डाय-सेटर बाईचं वर्णन करून चौकशी केली. तिनं मला ओळखलं की नाही कळलं नाही. “हायवेजवळच्या पेट्रोल पंपावर,” ती फोनवरून मान वर न करता म्हणाली.

पंपावरच्या दुकानात ती काउंटरमागे उभी होती. लाल टी-शर्ट, तीच घट्ट वेणी. माझ्यापुढे कुणी नव्हतं. तिनं मला लगेच ओळखलं.

“मी रिपोर्टमध्ये लिहिलं नव्हतं,” मी म्हटलं. वाटेत शंभर वेळा जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. “ईमेल लिहिला होता. मग गप्प बसले. तिकडेही तसेच बुडबुडे आले. आता गेट बदललं. तुम्ही सांगितलं होतं त्याच बाजूला. आता भाग चांगले येतात.”

“कुणाच्या नावानं बदललं?” तिनं विचारलं.

“माझ्या.”

तिनं मान हलवली, जणू हवामानाबद्दल काही ऐकत होती. माझ्या मागे दार वाजलं, कुणीतरी येऊन उभं राहिलं.

“आणि हे मला सांगायला तू मिशिगनहून आलीस.”

“हो.”

“मग आता मी त्याचं काय करू?”

 माफ करा असं म्हणायला आले होते, पण तो शब्द त्या काउंटरवर ठेवण्यासारखा वाटला नाही.

“तुला काही घ्यायचंय का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग बाजूला हो. लोक थांबलेत.”

मी बाजूला झाले. मागचा माणूस पुढे आला. तिनं त्याच्याकडे बघून हसून त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. ऑपरेशन कसं झालं, आता चालते का. तो सांगत होता, ती ऐकत होती, हातानं त्याचं बिल करत होती. दोघांपैकी कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. मी दार ढकलून बाहेर आले.